आंबट कशाचा?

मला बिअरमधलं फारसं कळत नाही, हे आधीच सांगून टाकते. मास कॉम करताना जी काही प्यायली ती गार होती, पिवळी होती आणि बिल पाच जणांत वाटायचं होतं, एवढंच आठवतं. त्यामुळे २०२३च्या नोव्हेंबरमध्ये ब्रसेल्सला आतेभावाकडे पंधरा दिवस राहायला गेले आणि तिसऱ्याच दिवशी दादाने माझ्या हातात टॉर्च, फडकं आणि एक जाडजूड लाँगबुक दिलं, तेव्हा मला वाटलं घराची साफसफाई काढली असेल. (फ्रीलान्सर पाहुणी आली की सगळ्यांना वाटतं, हिला काय काम असतं!)

काम तळघरात होतं. ब्रसेल्सच्या जुन्या इमारतींत फ्लॅटबरोबर खाली एक छोटी खोली मिळते. लोक तिथे सायकली, सुटकेसा, ख्रिसमसची झाडं असं काहीबाही ठेवतात. दादाच्या खोलीत भिंतभर लाकडी फळ्या होत्या आणि फळ्यांवर आडव्या झोपवलेल्या हिरव्या-काळ्या बाटल्या. तोंडाला बूच आणि तार.

"शॅम्पेन? एवढी?"

"बिअर आहे गं. लॅम्बिक. जानेवारीत आम्ही पुण्याला परत जातोय, तर त्याआधी हे सगळं मोजायचंय. रजिस्टर आणि फळी, दोन्ही जुळलं पाहिजे."

दादा २००९ पासून ब्रसेल्समध्ये होता. आयटीवाला. दोन वर्षांचं पोस्टिंग म्हणून गेला आणि चौदा वर्षं राहिला, ही आपल्याकडची नेहमीचीच स्टोरी. आता कोथरूडला आत्या एकटी होती, म्हणून दादा-वहिनींनी गाशा गुंडाळायचं ठरवलं होतं. फर्निचर विकलं जात होतं, खोके बांधले जात होते आणि या बाटल्यांचं काय करायचं ते कुणालाच कळत नव्हतं.

तर आधी लॅम्बिकचा फंडा समजून घेऊ, कारण त्याशिवाय पुढचं काही कळणार नाही. मलाही कळलं नव्हतं.

आपण जी बिअर पितो तिच्यात कारखानदार निवडून-पारखून यीस्ट घालतो, टाकी बंद करतो आणि काही आठवड्यांत माल तयार. दही लावताना आपण विरजण घालतो ना, तसं. लॅम्बिकवाले विरजणच घालत नाहीत! भांडं रात्रभर उघडं ठेवतात आणि हवेतून, लाकडातून, पिंपांतून जे काही येईल त्यावर आंबवतात. झाडावरून उतरवलेली ताडी जशी आपली आपण आंबते, तसंच. हे सगळं चालतं ब्रसेल्स शहरात आणि त्याच्या नैर्ऋत्येला पसरलेल्या पायोटेनलांड नावाच्या शेतीच्या पट्ट्यात.

दादाने मला कान्तियोंला नेलं. मिडी स्टेशनपासून चालत जाण्याच्या अंतरावर, साध्या गल्लीत, बाहेरून गॅरेज वाटावं अशी ही ब्रुअरी. १९०० साली सुरू झालेली, अजून कुटुंबातच असलेली. १९७८ पासून तिला त्यांनी चालतंबोलतं म्युझियमही करून टाकलंय. पोटमाळ्यावर तांब्याची एक अवाढव्य उथळ परात आहे. परात हाच शब्द बरोबर, फक्त ती साडेसात हजार लिटरची आहे. सुमारे दोन भाग बार्लीचं माल्ट आणि एक भाग कच्चा गहू असं धान्य शिजवून, गाळून, जुन्या हॉप्सबरोबर तासन्‌तास उकळवून तो गोड काढा संध्याकाळी या परातीत ओततात. हॉप्स म्हणजे बिअरला कडवटपणा देणारी फुलं. ती इथे मुद्दाम दोन-तीन वर्षं जुनी वापरतात, कारण त्यांना कडूपणा नको असतो, काढा नासू न देण्याचा गुण तेवढा हवा असतो. मग छताच्या फटींतून रात्रीची गार हवा येते, काढा सकाळपर्यंत निवतो आणि पिंपात जातो. म्हणून हे काम फक्त थंडीत, साधारण ऑक्टोबर ते एप्रिल. २०१५च्या नोव्हेंबरमध्ये रात्री गारच होईनात, तेव्हा कान्तियोंला काही घाणे चक्क रद्द करावे लागले होते.

आणि कोळिष्टकं! सगळीकडे. काढत नाहीत. उन्हाळ्यात फळं आली की माश्या-चिलटं येतात, औषध मारायचं नाही, मग कोळीच बंदोबस्त करतात. माझी आजी असती तर झाडू घेऊनच उभी राहिली असती.

पिंपात गेलेलं पाणी (दादा त्याला 'पाणी' म्हणालेलं ऐकून घेत नाही) दोन-तीन वर्षं तिथेच. आधी एक जात येते, तिचं काम झालं की दुसरी, मग तिसरी. मध्येच एका टप्प्यावर बिअर आजारी पडते. म्हणजे खरंच तसंच म्हणतात. उन्हाळ्यात वरणाला तार सुटते ना, तशी तिला तार सुटते, तेलासारखी ओघळते. नवखा माणूस ओतून देईल. पण ब्रेटानोमायसिस नावाचं एक संथ, चिवट यीस्ट त्या तारा हळूहळू खाऊन टाकतं आणि काही महिन्यांनी बिअर पुन्हा मोकळी होते. या यीस्टच्या एका जातीच्या नावातच ब्रसेल्स आहे, ब्रुक्सेलेन्सिस.

शेवटी एक, दोन आणि तीन वर्षांची लॅम्बिक एकत्र करून बाटलीत भरतात. तिचं नाव ग्यूझ. लहान वयाच्या लॅम्बिकमध्ये थोडी साखर शिल्लक असते, ती बाटलीत पुन्हा आंबते आणि फेस देते. म्हाताऱ्या लॅम्बिककडून चव येते. लॅम्बिकमध्ये आंबट चेरी मुरवल्या की झाली क्रीक. बाटलीच्या आत यीस्ट जिवंतच असतं, म्हणून ग्यूझ वर्षानुवर्षं बदलत राहते. काही ग्यूझच्या लेबलवर तर वीस वर्षांपुढची तारीख असते. म्हणूनच लोक ती घेऊन ठेवतात आणि वाट बघतात. लोणचं मुरायला ठेवावं तसं, फक्त आपल्या लोणच्याला वीस वर्षं मिळत नाहीत, मे महिन्यातलं दिवाळीच्या आधीच संपतं.

आता रजिस्टर.

मला वाटलं होतं की दादाने एक्सेल शीट वगैरे केली असणार. आयटीवाला माणूस! तर नाही. लाँगबुक होतं, लाल पाठीचं, अप्पा बळवंत चौकातून आणलेलं असावं असं. आत रुळाने आखलेले रकाने आणि काकांचं अक्षर.

काका, म्हणजे आत्याचे मिस्टर, बँकेत ऑडिटला होते. २०१४च्या उन्हाळ्यात आत्या आणि काका दोन महिने ब्रसेल्सला राहून आले. आत्याने तिथे काय काय बघितलं ते आम्ही सगळ्यांनी फोटोंसकट ऐकलंय. काकांनी काय केलं ते मला माहीतच नव्हतं. काकांनी तळघर बघितलं, लेकाला विचारलं, "एकूण नग किती?" लेकाला सांगता येईना. झालं! दुसऱ्या दिवसापासून रिटायर्ड ऑडिटर ड्यूटीवर हजर.

याला एक प्रॅक्टिकल कारणही होतं. लॅम्बिकला हवं असतं अंधारं, गार तळघर, दहा ते पंधरा डिग्रीचं आणि बुचं सुकू नयेत इतपत ओलसर. पण तीच ओल लेबलं खाते. आधी बुरशी, मग कागद सुटतो, आणि दोन वर्षांनी तुमच्या हातात एक हिरवी बाटली उरते जिच्यात काहीही असू शकतं. पूर्वी तर ग्यूझच्या बाटलीला लेबलच नसायचं. चुन्याचा एक फटकारा मारायचे. तो फटकारा वर येईल अशीच बाटली नेहमी आडवी ठेवायची, म्हणजे तळाचा गाळ एका बाजूला बसून राहतो. काकांना ही सिस्टीम इतकी आवडली की त्यांनी खडूने प्रत्येक बाटलीवर नंबर घातला आणि रजिस्टरमध्ये तोच नंबर. पुढे रकाने: ब्रुअरी, प्रकार, बाटलीत भरल्याचं साल, कुठून घेतली, किंमत (युरोत, आणि शेजारी रुपयांत, कारण तेव्हा युरो ऐंशीच्या आसपास होता आणि लेकाला ते कळायला हवं होतं), उघडल्याची तारीख, सोबत कोण. शेवटचे दोन रकाने रुंद. एक 'शेरा'. दुसरा 'आंबट कशाचा?'

काकांनी आयुष्यात दारू घेतली नव्हती. ब्रसेल्सला गेल्यावर त्यांनी तडजोड केली, स्टीलच्या छोट्या वाटीत चार चमचे, औषध घेतल्यासारखी. त्यांचा मुद्दा असा होता, असं दादा सांगतो, की नुसतं 'आंबट' लिहून नोंद पुरी होत नाही. लिंबाचा आंबटपणा वेगळा, चिंचेचा वेगळा, आमसुलाचा, ताकाचा, कैरीचा वेगळा.

आणि हे शंभर टक्के बरोबर आहे! दादाकडे इंग्रजी टेस्टिंगची पुस्तकं होती. त्यांत लॅक्टिक आणि अ‍ॅसिटिक यांचा फरक समजावायला पानंच्या पानं घातली आहेत. लॅक्टिक म्हणजे दह्या-ताकाचा मऊ आंबटपणा, तो लॅम्बिकमध्ये हवा. अ‍ॅसिटिक म्हणजे व्हिनेगरचा, नाकात झिणझिण्या आणणारा, तो थोडा चालतो, जास्त झाला की पिंप बिघडलं. काकांनी एका नोंदीत नुसतं लिहिलंय: 'ताक बरे होते, मागून शिरका आला. नापसंत.' अजून काय सांगायचं राहिलं?

या बिअरच्या वासाचं वर्णन तज्ज्ञ लोक 'घोड्याच्या पाठीवरची घोंगडी' असं करतात. सगळ्या पुस्तकांत हेच, आणि वाचणाऱ्यांपैकी किती जणांनी घोड्याची घोंगडी हुंगली असेल देव जाणे. काकांनी नंबर १२पुढे लिहिलं होतं: 'माथेरान. पावसाळा नुकताच संपलेला.' मी ते वाचून तळघरात एकटीच मोठ्याने हसले. मग त्याच ब्रुअरीची बाटली वर उघडली तेव्हा खरंच दस्तुरी नाक्यावर उभी असल्यासारखं वाटलं. लाल माती, ओलं चामडं, घोडे.

नंतर माझ्या लक्षात आलं की या कामाला मराठी फार सोयीची आहे. किंचित बिघडलेल्या चवींसाठी आपल्याकडे केवढे शब्द! कुबट, खवट, आंबूस, विटलेलं, कळकलेलं, कोंदट. आंबट, आंबूस आणि आंबलेलं या तीन वेगळ्या गोष्टी आहेत हे आपल्याला कुणी शिकवावं लागत नाही. काका परत गेल्यावरही दादाने त्याच भाषेत नोंदी चालू ठेवल्या होत्या. कलीग्ज बरोबर प्यायलेल्या बाटल्यांच्यासुद्धा. बेल्जियन पाहुण्यांची मतं कंसात, मराठीत.

माझं काम तीन दिवस चाललं. खडूचे बरेच नंबर पुसले गेले होते. मग बूच बघायचं, काहींच्या बुचावर साल छापलेलं असतं. बाटलीचा आकार बघायचा, तळाचा गाळ बघायचा. अलीकडच्या काही बाटल्या सोप्या होत्या. द्री फोंतेनन ही बेर्सेल गावची ब्रुअरी लेबलवर सीझन आणि ब्लेंडचा नंबरही छापते, जणू आपल्या पासबुकातली एंट्री. अवघड होत्या त्या २०१२-१३च्या, संपूर्ण टक्कल पडलेल्या. एकेक हातात घेऊन टॉर्चसमोर धरायची, आत लाल दिसलं तर क्रीक, सोनेरी दिसलं तर ग्यूझ, आणि लाल की तपकिरी ते ठरेना तर वर जाऊन दादाला हाक.

मधल्या रविवारी सुट्टी घेतली. पायोटेनलांडात आइझेरिंगन नावाचं गाव आहे, तिथल्या पबचं नाव 'महातहानेविरुद्धचा विमा' असं काहीतरी होतं मराठीत. रविवारीच उघडणारा म्हणून हा पब लॅम्बिकवाल्यांमध्ये फेमस. पत्त्यांचे डाव चालू, आजोबा मंडळी, बाटली वेताच्या टोपलीत तिरकी ठेवून आणतात म्हणजे गाळ हलत नाही. तिथे आम्ही एक जुनी ग्यूझ घेतली. ताजी ग्यूझ जिभेला लिंबू पिळल्यासारखी झटका देते. ही तशी नव्हतीच. वाळलेलं गवत, मध, जुन्या कपाटाचा वास आणि आंबटपणा पार मागे, सगळं झाल्यावर येणारा. मी दादाला म्हटलं, आत्ता कळलं तू एवढ्या बाटल्या का जमवल्यास. तो म्हणाला, "मला कळायला चार वर्षं लागली. तू फास्ट आहेस."

येताना गाडी सिंट-आना-पेडेच्या छोट्या चर्चपाशी थांबवली. ब्रॉयगेलच्या १५६८च्या चित्रात आंधळ्यांची रांग खड्ड्यात पडतेय ना, त्याच्या मागे दिसतं ते हेच चर्च. गुगलवर चित्र उघडून समोर धरलं. जुळलं!

रजिस्टर मात्र जुळलं नाही.

एकूण नोंदी २१२. उघडलेल्या किंवा कुणाला दिलेल्या, ११४. म्हणजे शिल्लक ९८ हवी. मी तीनदा मोजलं, फळीवर ९२. सहा कमी. माझा पहिला संशय स्वतःवर, मग शेजाऱ्यांवर. वहिनीला सांगितलं तर ती बरण्या कागदात गुंडाळत होती, ती थांबली नाही. म्हणाली, "असू दे. पेन्सिलने लिहून ठेव." मी समासात लिहिलं, '६ कमी.'

रात्री जेवणानंतर दादा रजिस्टर चाळत बसला होता. बराच वेळ एकाच पानावर. मग म्हणाला, "लिही. मे २०२१."

काका एप्रिलच्या शेवटी अ‍ॅडमिट झाले होते. दुसरी लाट. पुण्यात आम्ही सगळे बेडसाठी फोन करत होतो. माझ्याकडे तेव्हाच्या नंबरांची यादी अजून फोनमध्ये आहे, डिलीट केलेली नाही. दादाला निघताच आलं नाही, कारण त्याच आठवड्यात तो स्वतः पॉझिटिव्ह होता. शेवटचं बघणं व्हिडिओ कॉलवर, आणि तोही कट होत होता. हे मला माहीत होतं. पुढचं माहीत नव्हतं.

"रात्री खाली जायचो. लाइट न लावता हात घालायचो आणि येईल ती उचलायचो. सहा दिवस, सहा बाटल्या. कुठल्या होत्या ते बघितलं नाही."

"चव?" मी विचारलं. रकाना होता म्हणून विचारलं गेलं, नाहीतर हा काय प्रश्न झाला?

"काहीच लागलं नाही गं. वास गेला होता ना. आंबट आहे एवढं जिभेला कळत होतं. कशाचं, ते नाही."

मी लिहिलं: मे २०२१. नग ६. सोबत, कुणी नाही. शेरा, चव नोंदवता आली नाही. मग ११४चे १२० केले आणि समासातली पेन्सिल खोडली. दादाने खाली सही केली. ऑडिटरच्या मुलाला असंच जमतं.

राहता राहिला नंबर ३२.

३१ आणि ३२ या जोडीच्या बाटल्या, कान्तियोंच्या क्रीकच्या, २०१४च्या जूनमध्ये काकांनी स्वतः काउंटरवर जाऊन घेतलेल्या. ३१ त्याच आठवड्यात उघडली होती. शेऱ्यात लिहिलंय: 'रंग उत्तम. चेरी स्पष्ट. आंबट आमसुलाचा. दुसरी बाटली ठेवावी. ५ वर्षांनी पाहू (मी हजर असताना).'

२०१९मध्ये काका-आत्या यायचे होते. दादाचं प्रोजेक्ट गो-लाइव्हला आलं होतं, बारा-बारा तास ऑफिस. तो म्हणाला, बाबा, पुढच्या वर्षी या, निवांत फिरू. पुढचं वर्ष म्हणजे २०२०. तुमच्यापैकी किती जणांनी त्या वर्षी कुणाला ना कुणाला असंच सांगितलं असेल!

आता यातली गंमत अशी, की क्रीक ठेवायचीच नसते. ग्यूझ मुरते, पण फळाची लॅम्बिक ताजी प्यायची असते. एका लिटरला साधारण दोनशे ग्रॅम चेरी घालून मिळवलेला तो रंग आणि वास एक-दोन वर्षांत उतरायला लागतो. ब्रुअरीवालेसुद्धा हेच सांगतात. मी दादाला म्हटलं, मग तू काकांना बोलला का नाहीस?

"बोललो होतो. फोनवर, पुढच्याच वर्षी. ते म्हणाले, असू दे, आता नोंद झालीय."

दोन दिवस आधी ३२ नंबर उभी करून ठेवली, गाळ तळाला बसायला. शनिवारी रात्री उघडली. बूच अर्ध्यात तुटलं, उरलेलं स्क्रूने काढावं लागलं. 'फट्' असा आवाज अपेक्षित होता, तो आला नाही. एक उसासा आला, बस्स. ग्लास आदल्या दिवशीच खोक्यात गेले होते, त्यामुळे स्टीलच्या वाट्या. तीन.

रंग विटकरी. चेरी नाही. आधी मला वाटलं, खराबच झालीय. मग वाटी थोडा वेळ हातात धरल्यावर बदामाचा वास आला, कडवट बदामाचा. तो चेरीच्या आतल्या बियांचा, दादा म्हणाला, बिया काढत नाहीत ना. फेस जवळजवळ नाही. फळाची गोडी गेल्यामुळे आंबटपणा उघडा पडलेला. वाईट नव्हती. थोर तर अजिबात नव्हती.

लिहायचं काम माझ्याकडे होतं. नऊ वर्षं थांबलेली बाटली, काकांची, मी जरा बरं काहीतरी लिहायला घेतलं. 'वयानुसार परिपक्व' वगैरे. आपण रिव्ह्यूमध्ये लिहितो तसं. दादाने वाचलं आणि म्हणाला, "हे काय? बाबांनी परत पाठवलं असतं." खोडलं. मग लिहिलं, 'चेरी गेली. बी लागते. सात वर्षं उशीर.' 'आंबट कशाचा?' वर एकमत होईना. दादा म्हणाला आमसूल. मला चिंच वाटत होती. वहिनी म्हणाली, आमसूलच, पण पाण्यात रात्रभर विसरलेलं. तिन्ही लिहिलं. 'हजर' म्हणून तिघांची नावं घातली.

शिल्लक ९१.

विकायच्या की नाही यावर एक संध्याकाळ गेली. जुन्या लॅम्बिकला कलेक्टर मंडळी वेड्यासारखे पैसे देतात, काही दुर्मिळ बाटल्यांना शेकडो युरो. दादाला इमेल आलेही होते. वहिनीचं मत, विका, पुण्यात फ्लॅटचं इंटिरियर करायचंय. शेवटी थोड्या विकल्या, बऱ्याच दोस्तांना दिल्या, निरोपाच्या पार्टीत वीसेक उघडल्या. भारतात येताना माणशी दोन लिटर ड्यूटीशिवाय आणता येते. म्हणजे पाऊण लिटरच्या दोन आणि पावणेचारशे मिलीची एक छोटी. दादा-वहिनींच्या मिळून सहा, माझ्या बॅगेत दोन. स्वेटरमध्ये गुंडाळून. बेल्टवर बॅग येईपर्यंत माझा जीव खालीवर.

खरं टेन्शन पुढे होतं. कोथरूडला तळघर कुठून आणणार? पुण्याचा एप्रिल म्हणजे चाळीस डिग्री. बाटलीतल्या बिअरला उष्णता काय करते, ते द्री फोंतेननवाल्यांनी सोसलंय. २००९च्या मेमध्ये त्यांच्या गोदामाचा थर्मोस्टॅट बिघडला, खोली भट्टीसारखी तापली, हजारो बाटल्या फुटल्या आणि उरलेल्या बेचव झाल्या. सुमारे ऐंशी हजार बाटल्यांचं नुकसान! ब्रुअरी बुडायचीच बाकी होती. आर्मांड देबेल्डर हे तिथले म्हातारबुवा. त्यांनी ती मेलेली बिअर ओतून न देता ऊर्ध्वपातन करून तिची स्पिरिट बनवली, मित्र आणि दुसरे ब्रुअर मदतीला धावले, आणि ब्रुअरी उभी राहिली. ते २०२२मध्ये गेले. दादा त्यांच्याबद्दल बोलताना 'आर्मांडकाका' म्हणतो.

पुण्यात आत्याने फ्रिजचा भाजीचा कप्पा रिकामा करून दिला. भाजी आता रोज ताजी आणते. बाटल्यांवर खडूचे नंबर तिनेच परत गडद केले आणि कप्प्यावर काकांच्या जुन्या लेटरहेडचा एक कपटा चिकटवला आहे, 'हलवू नये.' लाइट गेले की ती फ्रिजवर गोधडी टाकते. उपयोग किती होतो माहीत नाही.

रजिस्टर तिच्याकडेच असतं, देवघराच्या खालच्या कप्प्यात, लाइट बिलांच्या फायलीशेजारी. मागच्या आठवड्यात गेले होते तेव्हा तिने ते काढलं, चष्मा लावला आणि विचारलं, यातली पुढची कधी उघडताय. दादा म्हणाला, ग्यूझ आहेत, अजून पाच-सात वर्षं आरामात राहतील. आत्याने काहीही न बोलता कालनिर्णय आणलं. गुरुवार ठरत होता. मी म्हटलं, गुरुवारी नको, माझी डेडलाइन असते.

"तुझी दर गुरुवारीच असते," आत्या म्हणाली. "बुधवारी ये. आणि येताना खडू आण."